भाषेची नियत

काळाचौकीला आमच्या ओळखीचे एक रद्दीवाले आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला हाक मारली आणि गल्ल्यामागच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक काढून हातात ठेवले. म्हणाले, "मास्तर, हे तुमचं कुराण दिसतंय. उजवीकडून लिहिलंय. कुणीतरी माळा खाली करताना गोणीत टाकलं. तराजूत घालायला मन धजलं नाही."

आम्ही पुस्तक उघडले. पुठ्ठा गेलेला, पहिली पाने गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. एका पानावर चौकोनी, एकमेकांना न चिकटणारी अक्षरे आणि त्यांच्या पोटात-पाठीवर ठिपके. समोरच्या पानावर जुन्या वळणाची मराठी. ते कुराण नव्हते. बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनेचे पुस्तक होते. "हे यहुद्यांचं आहे," असे सांगितले तेव्हा रद्दीवाले म्हणाले, "मग काय झालं? कुणाच्या तरी देवाचं आहे ना. तुमच्या घरात राहू द्या. उजवीकडून वाचता येतं तुम्हाला."

उजवीकडून वाचता येत होते, पण ते पुस्तक वाचता येत नव्हते. त्यांच्या एका वाक्यामुळे आम्ही साठी ओलांडल्यावर हिब्रू शिकायला बसलो. ती शिकताना भाषेपेक्षा जास्त कोडी नियतीची पडली. नियत म्हणजे नशीब या अर्थाने नव्हे, आपण मुसलमान ज्या अर्थाने हा शब्द वापरतो त्या अर्थाने. एखादी भाषा आपण का शिकतो? आणि ती शिकल्यावर आपण तेच उरतो का?

आधी आमची हकिगत थोडक्यात. वडील श्रीवर्धनकडून मुंबईला आले ते गिरणीत. आम्ही कळते झालो तेव्हा त्या गिरणीला इंडिया युनायटेड म्हणत. जुनी माणसे मात्र तिला 'ससूनची' म्हणत, कारण त्या गटाच्या गिरण्या मुळात ससून घराण्याच्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो संपल्याचे आजतागायत कुणी जाहीर केलेले नाही. वडील मात्र त्यातच संपले. आम्ही महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, मदरशात नाजरा कुराण केले, पुढे कॉलेजात अरबी विषय घेतला आणि रात्रशाळेत मास्तरकी केली.

ससून हे बगदादचे यहुदी. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. ही मंडळी घरात अरबी बोलत आणि ती अरबी हिब्रू अक्षरांत लिहीत. १८५५ पासून मुंबईतून अशा अरबीतले, हिब्रू लिपीतले एक वृत्तपत्रही निघत असे. म्हणजे ज्या गिरणीच्या भोंग्यावर आमचे वडील उठत, तिच्या मूळ मालकांच्या घरात आमच्या नमाजाची भाषा बोलली जात होती, आणि साठीपर्यंत आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

बेने इस्राएल ससूनांहून वेगळे. ते तर आपल्याच कोकणातले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंश, असे ते सांगतात. कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांची आडनावे राजपूरकर, दिवेकर, चेऊलकर, पेणकर. आमच्या कोकणी मुसलमानांचीही तशीच गावावरून पडलेली. त्यांच्या धर्मकार्य पाहणाऱ्याला पूर्वी 'काजी' म्हणत. प्रार्थनास्थळाला ते 'मशीद' म्हणत. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत बांधलेले मुंबईतले पहिले सिनेगॉग हे त्यांच्या बोलण्यात 'जुनी मशीद', आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे त्यांच्यात मानले जाते. नवस फेडताना ते मलीदा करतात, भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून, आणि नाव घेतात एलियाहू हन्नाबीचे. म्हणजे आपले हजरत इलियास. आपल्या घरी फातिहाला होतो तोही मलीदाच. फक्त त्यात पोह्यांऐवजी कुस्करलेली रोटी.

इतके जवळचे असूनही त्यांच्या पुस्तकातले एक अक्षर आम्हाला लावता येत नव्हते, याची त्या रात्री लाज वाटली.

---

ज्याला अरबी येते त्याला हिब्रू शिकताना पहिले काही महिने सतत ओळखीची माणसे भेटत राहतात. पहिली ओळख अक्षरांची. ७८६ हा आकडा आपल्यात कोणाला ठाऊक नाही? बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद हिशोबाने केलेली ती बेरीज. अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन असे आपण पाठ केलेले असते. हा क्रम अलिफ, बे, ते, से असा का नाही, हे कोणी सांगत नाही. हिब्रूची बावीस अक्षरे म्हटली आणि उत्तर मिळाले. आलेफ, बेत, गिमेल, दालेत. आपला अबजद हा त्याच जुन्या क्रमाचा वारस आहे. आलेफचा एक, योदचे दहा, कोफचे शंभर, तावचे चारशे. आपल्याकडेही अलिफचा एक, ये चे दहा, काफचे शंभर, ते चे चारशे. तिथे हिब्रू थांबते. अरबीने आपल्या जादा सहा अक्षरांसाठी पुढे पाचशेपासून हजारापर्यंत मजल मारली. हिशोब एकाच वहीतला, आपली पाने थोडी जास्त.

जेर, जबर, पेश याशिवाय वाचणे जसे अरबीत, तसेच हिब्रूत. ठिपक्यांच्या खुणा धर्मग्रंथांत आणि बालबोध पुस्तकांत असतात. वर्तमानपत्र वाचायचे तर त्या नसतात. शब्दही तसेच घडतात. तीन अक्षरांचे बी आणि त्याला फुटणारे कोंब. क-त-ब म्हणजे लिहिणे, दोन्हीकडे. घराला बैत आणि बायित, दिवसाला यौम आणि योम, डोळ्याला ऐन आणि अयिन. सदका आणि त्सेदाका. रोजाला सौम आणि त्सोम. नबी आणि नावी. 'रहमान' ज्या मुळातून येतो त्याच र-ह-म मधून हिब्रूचा 'रहमीम', म्हणजे करुणा. दोन्ही भाषांत याच मुळातून आईच्या गर्भाशयाचा शब्द निघतो.

मग फरकांतही शिस्त दिसू लागते. अरबीचा 'स' हिब्रूत बहुधा 'श' होतो: सलाम–शालोम, लिसान–लाशोन, नफ्स–नेफेश, इस्म–शेम. कधी उलटे घडते: दहाला अरबीत 'अशर', आपला आशुरा त्यातलाच, तर हिब्रूत 'एसेर'. अरबीचा लांब 'आ' तिकडे 'ओ' होतो. मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. सप्ताह आणि हफ्ता हे एकच आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. संस्कृतचा स फारसीत ह होतो. जगभर सख्ख्या-चुलत भाषा अशाच वागतात.

एक गंमत तर आमच्या लहानपणाची भरपाई करून गेली. मदरशात मौलवीसाहेब 'जाल' या अक्षरावरून हातावर छडी मारीत. जीभ दातांत धरून उच्चार करायचा; आमच्या कोकणी तोंडातून सरळ मराठी 'झ' निघे. हिब्रूत बघतो तर त्या जागी सरळ 'झ'च! कानाला अरबीत 'उज्न', हिब्रूत 'ओझेन'. सोन्याला 'जहब' आणि 'झाहाव'. आणि ज्या 'ऐन'साठी आम्ही घसा खरवडला, तो आजच्या बोलीभाषेतल्या हिब्रूत बहुतेकांच्या तोंडून आपल्यासारखाच साधा 'अ' होऊन बाहेर पडतो. आमचे जे चुकत होते ते दुसऱ्या घरात बरोबर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एलिएझर बेन-येहुदा यांनी हिब्रूला पुन्हा रोजच्या बोलण्याची भाषा करण्याचा ध्यास घेतला. नव्या जगासाठी शब्द कमी पडले तेव्हा त्यांनी अनेक शब्दांची मुळे अरबीतून उचलली. दिवसाच्या तारखेला आजची हिब्रू 'ताआरिख' म्हणते आणि सभ्य माणसाला 'अदीव' म्हणते. तारीख आणि अदब हे शब्द मराठीने तर शिवकाळाआधीच घरात घेतले होते. मराठी 'हिशोब' आणि हिब्रू 'हेश्बोन' हेही एकाच मुळाचे. काळाचौकीचा वाणी आणि तेल अवीवचा वाणी एकाच अक्षरांनी उधारी मांडतो.

---

चौथ्या-पाचव्या महिन्यात पाय घसरू लागला. ओळखीची माणसे फसवू लागली.

हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकरी. अरबीत 'लहम' म्हणजे मांस. मूळ एकच, ज्याच्या घरी जे मुख्य अन्न, त्याचे ते नाव झाले असावे. हजरत ईसांचे जन्मगाव हिब्रूत भाकरीचे घर आणि अरबीत मांसाचे घर. हिब्रूत 'आमर' म्हणजे म्हणाला, अरबीत 'अमर' म्हणजे हुकूम केला. एकजण नुसते बोलतो, दुसऱ्याला तो हुकूम वाटतो! हिब्रूत 'हालाख' म्हणजे चालला, गेला. अरबीत 'हलक' म्हणजे मेला, नष्ट झाला. मराठी माणसाने यावर हसू नये. "तो गेला" असे आपण म्हणतो तेव्हा नक्की कुठे गेला, हे ऐकणाऱ्याला सुरावरून ठरवावे लागते.

अगदी परकी भाषा शिकताना माणूस सावध असतो. चिनी शिकणारा प्रत्येक शब्द शब्दकोशात बघतो. जवळची भाषा शिकणारा बघत नाही, कारण त्याला वाटते की हे आपल्याला येतेच. आमच्या चुका अज्ञानातून कमी झाल्या, ओळखीच्या भरवशावर जास्त. भाऊबंदांची भांडणे परक्यांशी होणाऱ्या भांडणांपेक्षा कडवी का असतात, याचे एक कारण इथे सापडते. परक्याला आपण विचारतो, "तुला काय म्हणायचे आहे?" भावाला विचारत नाही.

आमची खरी चूक याहून मोठी होती आणि ती एका म्हातारीने दाखवली.

पुस्तक अडखळत वाचता येऊ लागले तेव्हा माझगावला राहणाऱ्या एका वयस्क बेने इस्राएल बाईंकडे आम्ही ते घेऊन गेलो. ओळखीतून ओळख निघाली. मावशी तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. दारावर मेझुझा, भिंतीवर रथात बसलेल्या एलियाहू हन्नाबींची तसबीर. लेक आणि नातवंडे इस्राएलात. त्यांनी पुस्तक हातात घेतले, कपाळाला लावले आणि चष्मा न लावता पान उलटून घडाघडा म्हणू लागल्या. आम्ही बोट ठेवून मागे धावत होतो. थांबल्यावर आम्ही विचारले, "मावशी, याचा अर्थ?" त्या म्हणाल्या, "अर्थ समोरच्या पानावर आहे ना, मराठीत. आम्हाला लहानपणी म्हणायला शिकवलं, समजायला नाही."

हे वाक्य आम्ही ओळखले. आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत हेच वाक्य आहे! नाजरा पूर्ण झाले की पेढे वाटतात. अर्थ उर्दू किंवा मराठी तर्जुम्यात. बाई वाचत होत्या आणि त्यांना अर्थ येत नव्हता. आम्हाला वाचता येत नव्हते आणि अरबीच्या आधाराने निम्मा अर्थ लागत होता. मग आमचा क्रम ठरला. दर बुधवारी दुपारी त्या एक ओळ म्हणत आणि आम्ही तिचा शब्द-शब्द सोडवून त्यांना मराठीत सांगत असू. ऐंशी वर्षे तोंडात असलेल्या शब्दाचा अर्थ एका मुसलमान मास्तराकडून कळला की त्या लहान मुलीसारख्या हसत.

त्या हसण्याने आम्हाला चढली. एकदा आम्ही बोलून गेलो, "मावशी, खरा शब्द 'सलाम' आहे, तुमच्याकडे त्याचा 'शालोम' झाला." मावशी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या कोकणातल्या मराठीला पुण्याचे लोक असंच म्हणायचे ना?"

वाचकहो, तो घाव बरोबर लागला. 'खरा' शब्द! दोन भाषा एका जुन्या, आता न उरलेल्या भाषेच्या लेकी. त्यातली एक खरी आणि दुसरी मोडकी, हे कोणी ठरवले? आमची बाणकोटी मराठी अशुद्ध ठरवली गेली तेव्हा आम्ही जन्मभर चिडलो. "मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं?" हा प्रश्न दर दोन महिन्यांनी झेलला. मोहल्ल्यात त्याच्या उलट, "मुसलमान असून उर्दू येत नाही?" १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते याच दोन प्रश्नांच्या मध्ये उभे राहून बोलण्यासाठी. भाषेला धर्म नसतो असे आम्ही व्यासपीठांवरून सांगत आलो. आणि हिब्रूच्या चार ओळी येताच आम्हीही अरबीला गादीवर बसवले आणि तिच्या बहिणीला मोलकरीण केले.

ज्या जखमेची तक्रार आपण करतो, तीच जखम आपल्या हातून दुसऱ्याला व्हायला फार थोडे ज्ञान पुरते.

इतिहास तर उलट शिकवतो. हिब्रूचे व्याकरण शास्त्र म्हणून उभे राहिले तेच अरबीच्या अंगणात. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तौरातचा अरबीत अनुवाद केला. कुर्तुब्यात यहुदा हय्यूज यांनी अरबी व्याकरणकारांकडून तीन अक्षरी मुळाची कल्पना घेतली आणि हिब्रूची कुलपे उघडली. त्यांनी ते लिहिले अरबीत. मुसा इब्न मैमून, ज्यांना जग मायमोनिडीस म्हणून ओळखते, त्यांनी बाराव्या शतकात आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ 'दलालतुल हाइरीन' अरबी भाषेत आणि हिब्रू अक्षरांत लिहिला. त्यांच्यापैकी कोणालाही अरबी वापरल्याने आपला धर्म कमी झाला असे वाटले नाही, आणि अरबीलाही त्यांच्यामुळे विटाळ झाला नाही.

---

आता नियतीकडे येतो. आमच्या शिकण्याची बातमी फुटल्यावर मोहल्ल्यात दोन मते पडली. एक म्हणे, "कशाला ती भाषा? काही कमी भाषा आहेत?" दुसरे मत जरा शिकलेल्यांचे. "शिका, शिका. शत्रूची भाषा शिकणे सुन्नत आहे." आणि ते हजरत जैद बिन साबित यांचा दाखला देत.

तो दाखला खरा आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ही हकिगत येते. मदिन्यात पैगंबरांनी (स.) तरुण जैद यांना यहुद्यांचे लिखाण शिकायला सांगितले आणि त्यांनी ते सुमारे पंधरवड्यात आत्मसात केले. (आम्हाला सहा महिने लागले, यावरून आमची पायरी ओळखावी.) कारणही तिथे स्पष्ट दिले आहे. पत्रव्यवहाराच्या बाबतीत दुसऱ्यांवर भरवसा नव्हता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते एका तापलेल्या राजकीय काळातले कारण आहे. पण त्यातून 'शत्रूची भाषा' असा कायमचा नियम काढणारे एक गोष्ट विसरतात. त्या प्रसंगाचा गाभा असा की दुसऱ्याचे म्हणणे मध्यस्थाच्या तोंडून ऐकू नये, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. ज्याने स्वतः वाचले, त्याला समोरच्याचा मजकूर वाढवून सांगता येत नाही आणि कमी करूनही नाही. अविश्वासातून शिकलेली भाषासुद्धा शेवटी शिकणाऱ्याला सत्याच्या बंधनात टाकते.

आपल्या मुंबईतच या नियतीचे आणखी नमुने आहेत. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून लिहून छापली. नियत उघड होती, बेने इस्राएलांना ख्रिस्ताकडे न्यायचे. मराठीतून हिब्रू शिकण्याचे साधन त्या समाजाच्या हाती आले आणि समाजाने त्याच विद्येच्या बळावर आपला धर्म पक्का केला. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांसारख्या हिब्रू पंडिताने प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. आता तिथे यहुदी मुले नावालाच, आपलीच मुले पुष्कळ. पेरणाऱ्याची नियत एक आणि उगवलेले पीक दुसरेच!

म्हणून आम्हाला असे वाटू लागले आहे की नियत ही शिकण्याच्या आरंभी पक्की करून ठेवण्याची वस्तू नाही. ती भाषेबरोबर वाढते, बदलते, कधी शिकणाऱ्यालाच लाजवते. आम्ही आधी उत्सुकतेने शिकलो, मग अहंकाराने. त्यानंतर जे घडले त्याने दोन्ही गळून पडले.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला. सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझावर जे कोसळले ते सर्वांनी आपापल्या मोबाइलवर पाहिले. मृतांचा आकडा हजारांतून दहा हजारांत, आणि मग त्याच्याही कितीतरी पटींत गेला. त्यात मुले किती, हे लिहितानाही हात थांबतो. मावशींचा एक नातू तिकडे सैन्यात होता. आम्ही बुधवारी जाणे बंद केले. कारण सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

जुम्याच्या नमाजानंतर एकाने विचारले, "मास्तर, अजून चालू आहे का ती भाषा?" आवाजात टोमणा होता, पण दुःखही होते, आणि ते दुःख आमचेही होते. त्या रात्री वही उघडली तेव्हा अक्षरांकडे बघवेना. ज्या भाषेत बॉम्ब टाकण्याचे हुकूम दिले जातात, तिची रूपे पाठ करायची? पण मग दुसरा विचार आला. उर्दूत, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत किती खुनांचे हुकूम दिले गेले? १९९२–९३ साली या शहरात आम्ही ज्या घोषणा दाराआडून ऐकल्या, त्या आमच्या मातृभाषेतच होत्या. त्याच रात्री चाळीतल्या शेजाऱ्यांनी "मास्तर, आत या" म्हणून कडी लावून घेतली, तेही त्याच भाषेत. भाषा दोघांनाही नाकारत नाही. तो तिचा दोष म्हणावा की तिचा मोठेपणा, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

वही पुन्हा उघडली. त्या दिवसांत जे हिब्रू कानावर पडले, त्यात काही आवाज असे होते की आपण ही भाषा शिकलो नसतो तर बरे, असे वाटले. तर्जुम्यात जे विखार निवळून येतात, ते मुळातून ऐकणे वेगळे. पण त्याच भाषेत, आपल्या मुलीच्या फोटोशी बोलणारी एक आई ऐकली. आणि त्याच भाषेत गाझातल्या मुलांची नावे चौकात उभे राहून वाचणारी थोडी माणसे ऐकली. आमचा राग कमी झाला नाही. तो कमी व्हावा असे आम्हाला वाटतही नाही. फक्त 'ते सगळे' हा शब्द तोंडातून निघेना. राग आता नेमक्या माणसांवर, नेमक्या कृत्यांवर येतो. भाषा समजणे म्हणजे क्षमा करणे नव्हे आणि मान्य करणे तर नव्हेच. भाषा समजली की न ऐकल्याचे सोंग आणण्याची सोय जाते, इतकेच. आणि जुलमी माणूस असो की जुलमाने पेटलेला, दोघांचाही कारभार याच सोयीवर चालतो.

सूरे रूममध्ये माणसांच्या भाषांचे वेगळेपण हे अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे. निशाणी ही वाचण्यासाठी असते. आवडत्या निशाण्या वाचाव्यात आणि नावडत्या सोडाव्यात, अशी सवलत तिथे दिलेली आम्हाला तरी दिसत नाही.

---

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. "मास्तर, पुस्तक तुमच्याकडेच आहे ना?" आम्ही गेलो. बोलणे सोपे झाले नाही. त्या नातवाबद्दल बोलल्या. आम्ही गाझाबद्दल बोललो. त्यांनी एक वाक्य म्हटले जे आम्हाला गिळता आले नाही. आम्ही एक म्हटले ज्यावर त्यांनी तोंड फिरवले. दोन्ही वाक्ये मराठीत होती, प्रत्येक शब्द समजत होता, तरी फार वेळ कोणाला काही सुचले नाही. मग त्या उठल्या आणि चहा टाकला.

चहा झाल्यावर म्हणाल्या, "ते पुस्तक जीर्ण झालंय. आमच्यात असं पुस्तक टाकत नाहीत, कब्रस्तानात नेऊन पुरतात." आम्ही म्हटले, "आमच्यातही कुराणाची फाटकी पाने अशीच जमिनीच्या हवाली करतात." त्यांना हे ठाऊक नव्हते. थोडा वेळ पुस्तकावर हात फिरवून म्हणाल्या, "मग काय करायचं?"

आम्ही म्हटले, "अजून अर्धं बाकी आहे. वाचून होऊ दे, मग पुरू."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा न लावता पान उलटले. ज्या पानावर थांबलो होतो ते त्यांना आठवत होते. त्या म्हणू लागल्या. आम्ही बोट ठेवले. तिसऱ्याच शब्दाला अडलो. त्या थांबल्या आणि आम्ही तो सोडवेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.